शेवट ठाऊक असूनही : प्रणयसुखात्मिकेचे आकर्षण आणि अपेक्षितता

उद्दिष्टे

या लेखाच्या वाचनानंतर तुम्हाला :
• प्रणयसुखात्मिकेचा शेवट आधीच ठाऊक असूनही ती प्रेक्षकाला का आवडते, हे सांगता येईल.
• या आवडीची मुळे संस्कृत नाटक, कीर्तन आणि मराठी रंगभूमी यांच्या परंपरेत शोधता येतील.
• एखाद्या प्रेमविनोदी चित्रपटाचे मूल्यमापन कोणत्या निकषांवर करावे, याविषयी स्वतःचे मत मांडता येईल.

प्रास्ताविक



थेरगाव हे पवनेच्या काठचे एक जुने गाव. आज ते पिंपरी-चिंचवड महानगराचा भाग झाले आहे. पहाटे अंधार असतानाच तेथील डांगे चौकात कंपन्यांच्या बसगाड्यांची वाट पाहत स्त्री-पुरुष उभे असतात. कोणी मराठवाड्यातून आलेले, कोणी विदर्भातून, कोणी खानदेशातून. त्यांच्यापैकी काही जण रविवारी आमच्या संमंत्रण सत्रालाही येतात. अशाच एका रविवारी लोकप्रिय चित्रपटांचा विषय निघाला. मी जरा अधिकारवाणीनेच म्हणालो, "प्रेमविनोदी चित्रपटांत पाहण्यासारखे काय असते? पहिल्या दहा मिनिटांत शेवट कळतो."

मागच्या बाकावरून एक विद्यार्थिनी म्हणाली, "सर, शेवट कळतो म्हणूनच तर बघते. बाकी कशाचाच शेवट आधी कळत नाही."

वर्ग हसला, मीही हसलो. ती चाकणच्या एका कारखान्यात कंत्राटी कामावर आहे. कंत्राट सात महिन्यांचे. मुदत वाढेल की 'ब्रेक' मिळेल, हे शेवटच्या आठवड्यापर्यंत कळत नाही. पहिल्या पाळीसाठी ती साडेचारला उठते आणि रात्री भाकऱ्या झाल्यावर मोबाइलवर अर्धा-अर्धा तास करत एक चित्रपट चार रात्रींत पुरा करते. ज्या गुणाला मी दोष ठरवून मोकळा झालो होतो, तोच तिच्या लेखी त्या चित्रपटाचा पहिला गुण होता. घरी परतताना मला जाणवले, की तिच्या वाक्याला उत्तर द्यायचे तर मला माझेच मत मुळापासून तपासावे लागेल. हा लेख म्हणजे तो प्रयत्न आहे.

माझे म्हणणे आरंभीच सांगतो. शेवट आधी ठाऊक असणे हा प्रणयसुखात्मिकेचा दोष नाही. तो तिने प्रेक्षकाला दिलेला शब्द आहे. मात्र ज्याने शब्द दिला, त्याच्यावर जबाबदारीही येते. ती जबाबदारी कोणती, हे ओळखता आले की चांगला आणि सुमार चित्रपट यांतील फरक आपोआप दिसू लागतो.

फलागमाची जुनी वाट

रोमँटिक कॉमेडी या चित्रप्रकाराला आपण येथे 'प्रणयसुखात्मिका' म्हणू. तिचा आराखडा चार ओळींत सांगता येतो. दोन माणसे भेटतात. त्यांचे पटत नाही, किंवा फार लवकर पटते. मध्ये काहीतरी अडथळा येतो आणि ती दुरावतात. शेवटी अडथळा दूर होऊन ती एकत्र येतात. हा आराखडा परदेशी चित्रपटांकडून आपल्याकडे आला, असा समज आहे. तो अर्धाच खरा आहे.

भारतीय साहित्यशास्त्राचा अभ्यास करताना तुम्ही भरतमुनींनी सांगितलेल्या कार्याच्या पाच अवस्था वाचल्या असतील : आरंभ, यत्न, प्राप्त्याशा, नियताप्ति आणि फलागम. यांतील चौथ्या अवस्थेचे नाव लक्षपूर्वक पाहा. नियताप्ति म्हणजे निश्चित झालेली प्राप्ती. फळ हाती येण्यापूर्वीच ते येणार याची खात्री पटणे, ही येथे नाटकाच्या बांधणीतील एक मानलेली पायरी आहे. सातव्या शतकातील हर्षाच्या 'रत्नावली'चा प्रेक्षक घ्या. उदयन राजा आणि सागरिका नावाने अंतःपुरात राहणारी राजकन्या यांचे मीलन होणार की नाही, या काळजीने तो बसलेला नव्हता. ते कसे घडते, राणी वासवदत्तेच्या नजरेतून प्रेमिक कसे निसटतात आणि कसे सापडतात, यात त्याचे मन गुंतलेले होते. शृंगारापासून हास्याची उत्पत्ती होते, असेही भरतमुनींनी सांगितले आहे. प्रेमात पडलेला माणूस थोडा हास्यास्पद होतोच, हे आपल्या परंपरेने फार पूर्वी ओळखले होते.

मराठी रंगभूमीवर याचे ठळक उदाहरण म्हणजे गोविंद बल्लाळ देवलांचे 'संगीत संशयकल्लोळ'. त्याच्या कथेचे मूळ मोलिएरच्या फ्रेंच नाटकापर्यंत जाते. ते इंग्रजीच्या वाटेने आपल्याकडे आले आणि देवलांच्या हाती पूर्णपणे मराठी झाले. एका तसबिरीवरून संशयाचे जाळे विणले जाते आणि त्यात फाल्गुनराव, कृत्तिका, अश्विनशेठ, रेवती असे सगळेच अडकतात. प्रेक्षकाला मात्र खरे काय ते पहिल्यापासून ठाऊक असते. येथे आनंद अज्ञानाचा नसून जाणतेपणाचा आहे. पात्रे चाचपडत असतात आणि आपण उजेडात बसलेले असतो. जे आयुष्यात आपल्या वाट्याला क्वचित येते, ते स्थान नाटककार आपल्याला दोन-तीन तासांसाठी देतो.

'काय' नव्हे, 'कसे'

ठाऊक असलेली गोष्ट पुन्हा ऐकण्याची सवय मराठी माणसाला नवी नाही. कीर्तनकार उत्तररंगात आख्यान लावतो तेव्हा समोरच्या मंडपातील आजीबाईंना ते त्याच्याइतकेच पाठ असते. तरी त्या पुढे सरकून बसतात. सोळाव्या शतकात एकनाथांनी लिहिलेल्या 'रुक्मिणीस्वयंवरा'चे उदाहरण येथे विशेष बोलके आहे. मुलीचे लग्न जमावे म्हणून या ग्रंथाचे पारायण करण्याची प्रथा महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. पारायण करणाऱ्या मुलीला शेवट ठाऊक असतो. किंबहुना तो शेवट ठाऊक आहे, म्हणूनच ती ग्रंथ हाती घेते. त्या प्रथेवर विश्वास ठेवावा की नाही, हा वेगळा प्रश्न. पण कथेचा सुखान्त ही एक हमी आहे आणि ती हमी पुन:पुन्हा ऐकल्याने मनाला बळ येते, हा अनुभव त्या प्रथेच्या मुळाशी आहे. माझ्या विद्यार्थिनीचे वाक्य आणि ही प्रथा यांत मला फारसे अंतर दिसत नाही.

चित्रपटाच्या क्षेत्रात याचा सर्वांत मोठा पुरावा मुंबईत आहे. १९९५ साली प्रदर्शित झालेला 'दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे' हा हिंदी चित्रपट मुंबई सेंट्रलजवळच्या मराठा मंदिर चित्रपटगृहात वीस वर्षांहून अधिक काळ चालू राहिला. इतकी वर्षे त्या तिकिटासाठी पैसे मोजणारे शेवटाच्या उत्कंठेने येत होते, असे कोणीही म्हणणार नाही. ते रेल्वेगाडी सुटण्याचा तो क्षण पुन्हा अनुभवायला येत होते.

आपल्या घरातील उदाहरण हवे असेल तर १९८८ सालचा, सचिन पिळगावकर दिग्दर्शित 'अशी ही बनवाबनवी' पाहा. दूरदर्शन संचावर तो लागला की आजही घरातील तिन्ही पिढ्या हातातले काम टाकून बसतात. संवाद पात्रांच्या आधी आपणच म्हणतो. विनोदाचा एक नियम असा सांगतात, की तो एकदाच हसवतो. पण हा चित्रपट तो नियम मोडतो, कारण आपण तेथे विनोदाला हसण्याबरोबरच त्या माणसांना भेटायलाही गेलेलो असतो.

अपेक्षिततेचा पहिला लाभ म्हणजे हा निवांतपणा. शेवटाची चिंता मिटली, की लक्ष बारकाव्यांकडे वळते : बोलण्याची लकब, नजर, अवघडलेपण, माघार घेताना सांडलेला चहा. सतीश राजवाडे यांच्या २०१० सालच्या 'मुंबई-पुणे-मुंबई'मध्ये याची चांगली प्रचिती येते. मुलगी मुंबईहून पुण्यात स्थळ पाहायला आलेली आहे. एका दिवसाची कथा, पडद्यावर मुख्यतः दोनच माणसे आणि त्यांना नावेसुद्धा नाहीत. घटना म्हणाव्या तर फारशा नाहीत; आहे ते बोलणे. दोन शहरांच्या अभिमानावरून सुरू झालेली कुरबूर हळूहळू एकमेकांना ओळखण्याकडे कशी वळते, एवढेच पाहायचे. ही दोघे एकत्र येणार हे पहिल्या भांडणातच कळते आणि म्हणूनच पुढचे प्रत्येक वाक्य आपण अधिक कान देऊन ऐकतो.

अपेक्षिततेची किंमत

येथपर्यंत मी प्रणयसुखात्मिकेचा वकील झालो. आता दुसरी बाजू.

एखादी गोष्ट पुन:पुन्हा ऐकली की ती मनात मुरते. तिने जे जे गृहीत धरलेले असते, तेही सोबत मुरते. "करमणुकीचा चित्रपट, त्याला काय एवढे मनावर घ्यायचे?" असा आक्षेप येथे तुम्ही घ्याल. पण ज्या गोष्टीकडे आपण सावधपणे पाहत नाही, तीच आपल्याला अधिक शिकवून जाते. म्हणून सुखान्ताची हमी देणाऱ्या प्रत्येक चित्रपटाला आपण दोन प्रश्न विचारले पाहिजेत.

पहिला प्रश्न : मधला अडथळा खरा आहे काय?

पुष्कळशा चित्रपटांत नायक-नायिकेला दूर ठेवणारी गोष्ट म्हणजे एक गैरसमज असतो. अर्धवट ऐकलेले एक वाक्य, न पोहोचलेला एक निरोप, चुकीच्या क्षणी उघडलेले एक दार. दोघांनी पाच मिनिटे समोरासमोर बसून बोलले असते, तर चित्रपट मध्यंतरापूर्वीच संपला असता. असा पोकळ अडथळा दूर झाल्याचा आनंदही पोकळच असतो. आपण ज्याला "काहीच्या काही अंदाज बांधता येणारा सिनेमा" म्हणून नावे ठेवतो, त्याचे खरे दुखणे बहुधा हे असते. आपल्याला शेवट आधी कळला याचा राग नसतो. त्या शेवटासाठी कोणी काही मोजले नाही, याचा असतो.

याउलट 'बनवाबनवी'तील अडथळा आठवा. चार तरुणांना पुण्यात राहायला जागा हवी आहे आणि घरमालकीण जोडप्यांनाच खोल्या देणार आहे. म्हणून दोघांना लुगडी नेसावी लागतात. सोंग अतिशयोक्त आहे, पण अडचण अगदी खरी. थेरगावात खोली शोधत फिरलेल्या कोणालाही "फॅमिली की बॅचलर?" हा पहिला प्रश्न ठाऊक आहे. या चित्रपटाची कथा हृषीकेश मुखर्जींच्या १९६६ सालच्या 'बीवी और मकान' या हिंदी चित्रपटावरून घेतलेली होती. तरीही ती आपली वाटली, कारण भाड्याच्या घराची चणचण आपली होती. त्यातील काही विनोद आज खटकतील, पण त्याचा पाया अजून डळमळत नाही.

दुसरा प्रश्न याहून महत्त्वाचा आहे : नायिकेच्या 'नाही'ला काही किंमत आहे काय?

सुखान्त ठरलेला असल्याने नायिका शेवटी 'हो' म्हणणार, हे प्रेक्षकाला आधीच ठाऊक असते. येथे एक धोका दडलेला आहे. तिचा होकार जर ठरलेलाच असेल, तर मधला तिचा नकार हा केवळ वेळकाढूपणा ठरतो. मग नायक तिचा पाठलाग करतो, वाट अडवतो, मित्रांची फौज घेऊन तिच्या दारापुढे उभा राहतो आणि हे सगळे गोड वाटावे अशी त्यामागे गाण्याची योजना असते. पडद्यावर नायकाला शेवट ठाऊक असल्यासारखे वागण्याची मुभा मिळते. बाहेर, बसथांब्यावर किंवा कंपनीच्या गेटवर, तोच पाठलाग सोसणाऱ्या मुलीला मात्र शेवट ठाऊक नसतो. तिच्या दृष्टीने ती भीती असते. कितीतरी मुलींचे शिक्षण, कितीतरी जणींची नोकरी या भीतीपायी सुटते. ज्या चित्रपटाने नकाराला होकाराची पहिली पायरी मानले, त्याने अपेक्षिततेचा गैरवापर केला, असे मी मानतो. अशा ठिकाणी "साचा आहे, त्यात काय एवढे?" हे उत्तर पुरेसे नाही.

साच्यालाच दोष देऊनही भागत नाही, कारण हाच साचा उलट दिशेनेही वापरता येतो. मास्टर विनायक यांनी दिग्दर्शित केलेला आणि आचार्य अत्रे यांनी लिहिलेला 'ब्रह्मचारी' १९३८ साली आला. त्यात नायक औदुंबर ब्रह्मचर्याच्या आणाभाका घेऊन बसलेला आणि पुढाकार घेते ती नायिका किशोरी. मीनाक्षी शिरोडकरांच्या पोहण्याच्या पोशाखाचीच चर्चा त्या काळी अधिक झाली. पण नायिकेने प्रेमाची इच्छा स्वतःहून आणि हसत व्यक्त करावी, ही त्याहून धीट गोष्ट होती. आणि मागे सांगितलेल्या रुक्मिणीचे काय? तिच्या कथेत पहिली कृती तिचीच आहे. भाऊ रुक्मी याने तिचे लग्न शिशुपालाशी ठरवलेले असताना ती स्वतः पत्र लिहून कृष्णाला बोलावते. अडथळा खरा आहे आणि निवडही तिची आहे. शतकानुशतके ज्या सुखान्ताचे पारायण झाले, तो आपल्या दोन्ही प्रश्नांना उतरतो, हे मला महत्त्वाचे वाटते.

शब्द मोडला जातो तेव्हा

नागराज मंजुळे यांच्या 'सैराट'चा (२०१६) विचार केल्याशिवाय ही चर्चा पुरी होणार नाही. त्याचा पूर्वार्ध प्रणयसुखात्मिकेच्या वाटेनेच जातो : विहीर, कॉलेज, चिठ्ठ्या, मित्रांची थट्टा, अजय-अतुल यांचे संगीत. ट्रॅक्टर आणि बुलेट चालवणारी आर्ची येथेही पुढाकार घेणारी आहे. प्रेक्षक सवयीने सुखान्ताची वाट पाहू लागतो. दोघे पळून जातात, परक्या शहरात संसार उभा करतात, मूल होते, माहेरची माणसे भेट घेऊन दारात येतात. सगळे ठीक होणार, असे वाटते आणि पुढच्याच क्षणी त्या लहान मुलाची रक्तात उमटलेली पावले आपल्यासमोर येतात.

त्या शेवटाचा आघात एवढा जबर का झाला? सुखान्ताची सवय आपल्या अंगात एवढी मुरलेली होती म्हणून. मंजुळ्यांनी साचा नाकारला नाही. आधी तो मनापासून रंगवला आणि मग ज्या अडथळ्याला प्रणयसुखात्मिका सहसा दाराबाहेर ठेवते, त्या जातीला आत घेतले. तेव्हा कळले, की आपल्या आवडत्या अनेक चित्रपटांत प्रेमिकांना काहीच सोसावे लागत नाही, याचे एक कारण ती बहुधा एकाच थरातील असतात. आडनावे जुळलेली असली की अडथळा म्हणून गैरसमज पुरतो.

यावरून काही समीक्षक असा निष्कर्ष काढतात, की सुखान्त हेच असत्य आणि दुःखान्त तेवढा प्रामाणिक. मला ते पटत नाही. जातीबाहेर लग्न करून सुखाने नांदणारी जोडपीही याच महाराष्ट्रात आहेत. त्यांतली काही हे पुस्तक वाचतही असतील. त्यांचा सुखान्त खोटा नाही. तो कमावलेला आहे. त्यांची गोष्ट हसतखेळत, पण अडथळा न लपवता सांगणारी सुखात्मिका फार थोड्यांनी लिहिली, एवढाच याचा अर्थ.

थेरगावची न लिहिलेली सुखात्मिका

आता मी तुम्हाला एक कल्पना करायला सांगतो. थेरगावातील दोन माणसांवर प्रणयसुखात्मिका लिहायची आहे. ती पहिल्या पाळीला, तो दुसऱ्या पाळीला. तिची बस परत येते आणि त्याची निघते, यांत डांगे चौकात जेमतेम दहा मिनिटे मिळतात. रस्त्याचे काम चालू असले, वाहतूक तुंबली, की तीही गेली. आठवड्याने पाळ्या बदलतात आणि हिशेब पुन्हा मांडावा लागतो. मुलीच्या घरी स्थळाचा विषय निघाला, की वडिलांचा पहिला प्रश्न असतो, "मुलगा परमनंट आहे का?" त्यानंतर गाव, त्यानंतर आडनाव, त्यानंतर "स्वतःची जागा आहे का?" मुलाचे कंत्राट दिवाळीच्या तोंडावर संपणार आहे.

यात खलनायक नाही, धनाढ्य प्रतिस्पर्धी नाही, विमानतळावरची धावपळ नाही. पण अडथळा खरा आहे. आणि विनोदाला किती जागा आहे पाहा! दहा मिनिटांत काय काय बोलायचे, याची तिने डब्याच्या पिशवीत ठेवलेली यादी; झोपेने पेंगणाऱ्या माणसाने केलेला प्रेमाचा प्रयत्न; घरमालकापुढे 'मावसभाऊ' म्हणून करून दिलेली ओळख. शेवटी ती दोघे एकत्र येणार, हे मला आणि तुम्हाला आत्ताच ठाऊक आहे. तरीही त्यांची बस एक दिवस वेळेवर यावी, असे तुम्हाला वाटले की नाही? वाटले असेल, तर प्रणयसुखात्मिकेचे सगळे बळ तुमच्या लक्षात आले.

ही गोष्ट लिहिण्यासाठी चित्रपटसृष्टीत जाण्याची गरज नाही. एकांकिका, कथा किंवा चार पानांचा संवाद हाताशी आहेच. त्यासाठी लागणारी सामग्री माझ्यापेक्षा तुमच्याकडे अधिक आहे.

समारोप

त्या रविवारी जे उत्तर मला सुचले नाही, ते आता देतो. शेवट कळतो म्हणून चित्रपट पाहणे ही बुद्धीची पळवाट नव्हे. दिवसभर अनिश्चिततेत जगणाऱ्या माणसाने रात्री अर्धा तास निश्चिततेचा आधार घ्यावा, यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. 'रत्नावली'च्या प्रेक्षकाने, कीर्तनाच्या श्रोत्याने आणि पारायणाला बसलेल्या मुलीने हेच केले.

मात्र तो आधार घेताना आपली पारख जागी ठेवावी. शेवट गोड आहे काय, हे विचारू नका, तो असणारच. तेथवर पोहोचण्यासाठी त्या दोघांनी काय ओलांडले आणि तिचा होकार खरोखर तिचाच होता काय, हे विचारा. या दोन प्रश्नांना उतरणारा चित्रपट शंभर वेळा पाहिला तरी शिळा होत नाही. न उतरणारा पहिल्या खेळालाच शिळा असतो.

माझ्या विद्यार्थिनीचे कंत्राट पुढच्या महिन्यात संपते आहे. त्याचा शेवट काय होईल, हे मला सांगता येत नाही. परीक्षेला मात्र ती बसणार आहे, एवढे तिने सांगितले आहे.

स्वाध्याय

१. 'नियताप्ति' ही संकल्पना तुम्ही पाहिलेल्या एका प्रेमविनोदी चित्रपटाच्या आधारे स्पष्ट करा.
२. "अडथळा पोकळ असेल तर आनंदही पोकळच असतो." या विधानाशी तुम्ही सहमत आहात काय? सकारण लिहा.
३. 'सैराट'च्या शेवटाचा परिणाम प्रेक्षकाच्या अपेक्षेवर कसा अवलंबून आहे, ते सांगा.
४. उपक्रम : तुमच्या गावातील किंवा कामाच्या ठिकाणच्या एका खऱ्या अडचणीभोवती प्रणयसुखात्मिकेचे कथाबीज दीडशे शब्दांत लिहा. शेवट सुखाचाच असावा; पण तो पात्रांनी कमावलेला असावा.